डावीकडचं मागचं दार

ता. ४ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनच केला असता, पण मागच्या वेळी मी गाडी म्हणालो आणि तू गादी ऐकलंस, आणि मग कापूस कुठला भरायचा यावर आपण बराच वेळ बोललो. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून दुसऱ्यांची बोलणी जोडून दिलीस आणि आता तुझ्याच कानांनी संप पुकारला. तेव्हा पत्रच बरं. अक्षर मोठं काढतोय.

तर गादी नव्हे, गाडी. आपली जुनी गाडी, मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली इतकी वर्षं झोपलेली. मी ती बाहेर काढली. बाबांना विचारलं तर हो नाही, नाही नाही. कर काय करायचं ते, म्हणाले आणि आत जाऊन वर्तमानपत्र उघडून बसले. इंजिन सुरू झालंय, पत्रा ठोकून सरळ केलाय. पण गाडी भुंडी दिसते गं! समोरचा बॅज नाही, डिकीवरची अक्षरं नाहीत, दिव्यांच्या रिंगा नाहीत, चाकांचे कप नाहीत. आणि दारांना हँडलंच नाहीत. त्या जागी कुणा महाभागाने गोदामाला लावतात तशा जाड लोखंडी कड्या ठोकल्यात. चारही दारांना! इतक्या देखण्या गाडीला कड्या लावणाऱ्या माणसाचं काळीज कसलं असेल, मला खरंच बघायचंय. बाबा म्हणतात, होता कुणीतरी मेकॅनिक.

आता मुद्द्याचं. मी लहान असताना तुझ्याकडे माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक होती. त्यातली एक निळी, चकचकीत वस्तू मी खेळायला घेतली आणि तू ती माझ्या हातातून अशी काढून घेतलीस की मी तासभर भोकाड पसरलं होतं. तो बॅज तर नव्हता?

पुढच्या महिन्याच्या अकराला जुन्या गाड्यांच्या क्लबची फेरी आहे. तिथे परीक्षक बॉनेट उघडण्याआधी बाहेरचं सामान बघतात, सगळं मूळचं आहे की नक्कल. चिऊने शाळेत आधीच जाहीर केलंय की ती मागच्या सीटवर बसून राणीसारखा हात हलवणार आहे. माझी ही म्हणते, गाडीपेक्षा तू स्वतःला जास्त घासून-पुसून घेतोयस. मी म्हटलं, लहानपणी जिन्यावरून पडून एक पाय आखूड झालेल्या माणसाला निदान चार चाकं तरी सारखी मिळू देत.

तेव्हा आत्या, शिडी लाव. म्हणजे तू चढू नकोस, कुणाला तरी चढव. माझ्यावरचा लोभ त्या ट्रंकेइतकाच जपून ठेवला असशील, या भरवशावर,

तुझा
सोन्या


ता. ९ सप्टेंबर

चि. सोन्यास,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. चाळिशी ओलांडली तरी मागण्याची पद्धत तीच, आधी आत्याची थट्टा आणि मग हात पुढे.

ट्रंक आहे. खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंच्या मुलाकडून उतरवून घेतली. बॅज तोच, तुझी आठवण पक्की आहे. त्याच्याबरोबर डिकीवरची अक्षरं, दिव्यांच्या रिंगा आणि चाकांचे कप उद्याच्या पार्सलने पाठवते. तुझ्या आईने जुन्या फ्लॅनेलच्या तुकड्यांत प्रत्येक गोष्ट वेगळी गुंडाळली होती, तशीच ठेवली आहे. वहिनीच्या हातचं बांधलेलं सोडवत नाही रे. गाठी तूच सोड.

दारांची हँडलं माझ्याकडे नाहीत. विचारत बसू नकोस.

आणि त्या कड्यांचं एवढं काय मनाला लावून घेतोस? दिसायला बेढब असतील, पण दार बंद तर राहतं. परीक्षकांना काय, त्यांना नावं ठेवायलाच बोलावलेलं असतं. त्यांना सांग, आमच्या घरची पद्धत आहे. चिऊला पुढे आईजवळ बसव. मागे एकट्या मुलाला कशाला बसवायचं? पुढून राणीला जास्त लोक दिसतील.

दादा कसा आहे? जेवतो का नीट? गाडीपाशी येऊन बसतो का? हे मात्र विसरता सगळं लिही. माझ्या बोटांचे सांधे थंडीआधीच कुरकुर करायला लागलेत, बाकी तब्येत छान.

चिऊला पापा, सूनबाईला आशीर्वाद. या म्हातारीवरची माया पार्सल मिळाल्यावर आटू देऊ नकोस म्हणजे झालं.

तुझी
आत्या


ता. १७ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आधी एक गोष्ट. विसरता लिही असं लिहिलंयस, न विसरता म्हणायचं होतं ना? इतकं कसलं गडबडीत पत्र लिहितेस? असो. म्हणून मुद्दाम सगळं लिहितोय.

पार्सल मिळालं. ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी जेवणाचं टेबल अडवलं आणि एकेक गाठ सोडली. बॅज निघाला तेव्हा मी तो आधी खिडकीपाशी उजेडात नेला. पितळेवरचा निळा मिना जसाच्या तसा, फक्त एका कोपऱ्यात केसाएवढी चीर. ती मी तशीच ठेवणार आहे. क्रोमवाल्याकडे रिंगा आणि कप दिले, पण अक्षरं द्यायला जीव होईना. हे लोक चाकावर धरून इतकं घासतात की अक्षरांच्या कडा वितळल्यासारख्या गोल होतात. शेवटी मी त्याच्याजवळ स्टूल टाकून बसलो. तो म्हणाला, साहेब, माझ्या लग्नातही कुणी माझ्यावर एवढी नजर ठेवली नव्हती.

सगळ्यात मजा भोकं शोधताना आली. मूळची भोकं कुणीतरी पुट्टीने बुजवून वर रंग मारलेला. मी दिवा तिरपा धरून, बोटांनी चाचपत एकेक शोधलं आणि आतून बारीक सुईने उकरलं. अक्षरांच्या मागचे खुंट त्या भोकांत असे अलगद बसले, की जणू काल काढले होते. ड्राफ्ट्समनची नोकरी करताना कागदावर हजार भोकं काढली असतील, पण असा आनंद कधी झाला नाही.

आता बाबांचं. पार्सल आलं तेव्हा ते उठून आले. मला वाटलं, बॅज हातात घेतील. पण त्यांनी सगळ्या पुड्या नुसत्या दाबून पाहिल्या, रिकामं खोकंही उलटं केलं, आणि विचारलं की एवढंच आलं का. मी हो म्हटल्यावर त्यांनी श्वास सोडला आणि परत जाऊन बसले. शेडमध्ये अजून एकदाही आलेले नाहीत. जेवतात, पण ताटाकडे न बघता.

हँडलांचा प्रश्न मात्र सुटला. भंगारवाल्याकडे याच मॉडेलची एक गाडी कापून पडली होती. तिची चारही हँडलं, आतली लॉकं आणि लॉकची जीभ जिच्यात अडकते त्या खांबांवरच्या पट्ट्यांसकट मिळाली. मागची दारं उलट्या बाजूने उघडतात, बिजागऱ्या मागे, हे तुला आठवत असेलच. तसली लॉकं आता कुठे बनत नाहीत. पुढच्या आठवड्यात कड्यांना रामराम. तू आणि बाबा, दोघंही त्या कड्यांची बाजू घेताय असं मला का वाटतंय?

उत्तर लवकर लिही. लोभाला गंज चढू नये म्हणून अधूनमधून असं घासावं लागतं.

तुझा
सोन्या


ता. २१ सप्टेंबर

चि. सोन्यास,
अ. उ. आ.

पत्र आत्ता मिळालं, लगेच लिहायला बसले. चहा गार झाला तरी चालेल.

माझं एक ऐक. पुढच्या दारांचं काय ते कर, मागच्या दोन्ही दारांच्या कड्या काढू नकोस. भंगारातली लॉकं किती वापरली गेलीत, आत किती झिजलीत, तुला काय ठाऊक? हँडल हवं तर शोभेला लाव, पण कडी राहू दे. आणि चिऊला मागे बसवू नकोस. कारण विचारू नकोस. मी आजवर तुला उगाच काही सांगितलंय का?

दादाशी यावरून वाद घालू नकोस. तो बोलत नाही म्हणजे त्याला काही वाटत नाही, असं समजू नकोस.

तू माझं ऐकलंस असं दोन ओळींचं कार्ड टाक. तोवर माझा जीव थाऱ्यावर नाही. थट्टा पुढच्या पत्रात करीन. आज माया तेवढी मागते.

तुझी
आत्या


ता. २८ सप्टेंबर

आत्यास नमस्कार.

कार्ड टाकणार होतो, पण आता सविस्तरच लिहितो.

काल गाडी पहिल्यांदा रस्त्यावर काढायची होती. चारही दारांना हँडलं लावली होती, कड्या काढून टाकल्या होत्या. बॅज, अक्षरं, रिंगा, सगळं जागच्या जागी. क्लबचे सेक्रेटरी मुद्दाम बघायला आले होते, शेजारपाजारची मंडळी फाटकापाशी जमली होती. चिऊ मागे चढून बसली. मी तिचं दार लावलं, लॉकचा छान आवाज झाला. पुढे जाऊन बसणार, तोच बाबा घरातून आले. पायात चप्पल नाही. सरळ त्या डावीकडच्या मागच्या दारापाशी गेले, दार उघडलं, चिऊला दंडाला धरून खाली ओढलं आणि दोन्ही हातांनी चौकट घट्ट धरून उभे राहिले. पोर घाबरून रडायला लागली. मी म्हटलं, बाबा, काय चाललंय. ते म्हणाले, आधी कडी लाव. मी म्हटलं, लोक बघताहेत. ते पुन्हा तेच म्हणाले. मी त्यांचे हात सोडवायला गेलो तर सुटेनात. आत्या, या वयात त्या हातांत एवढं बळ कुठून आलं, मला कळलं नाही.

मग माझा तोल गेला. मी सगळ्यांसमोर म्हणालो की या गाडीची वाट तुम्हीच लावलीत, तिचं सगळं सामान ओरबाडून काढू दिलंत, मला कधी तिच्यात बसवून एक चक्कर मारली नाहीत, आणि आता मी माझ्या मुलीला बसवतोय तर तेही तुम्हाला बघवत नाही. त्यांनी चौकट सोडली नाही. शेवटी एवढंच म्हणाले की तुला तुझ्या आईची शपथ आहे. आई जाऊन इतकी वर्षं झाली, तिला मध्ये आणायचं काय कारण? सेक्रेटरी चहा न घेता गेले. बाबा तेव्हापासून खोलीतून बाहेर आलेले नाहीत. ताट दाराशी ठेवतो, ते अर्धं परत येतं.

म्हातारपणी माणसं हट्टी होतात म्हणून मी सोडून दिलं असतं. पण तेच हट्ट तूही करतेस, तेही शे-दीडशे मैलांवरून. तुम्हा दोघांना काहीतरी ठाऊक आहे आणि मला दूधखुळा समजून तुम्ही ते लपवताय. मी कुणाचंही ऐकणार नाही. अकराला फेरी आहे आणि चिऊ मागेच बसेल. ज्याला कारण सांगायचं असेल त्याने सांगावं.

लोभाचं काय लिहू? तो असेल तर कारण कळव.

सोन्या


ता. २ ऑक्टोबर

चि. सोन्यास,
खूप खूप आशीर्वाद. आज ते रिवाज म्हणून लिहीत नाही.

मास्तरीणबाई भावाकडे तुमच्या गावी निघाल्या आहेत. पोस्टावर भरवसा न ठेवता हे पत्र आणि सोबतची जड पुडी त्यांच्याच हाती देते आहे. पुडी आधी उघडू नकोस. आधी वाच, बसून वाच. आणि वाचून होईपर्यंत गाडीला हात लावू नकोस.

तू जिन्यावरून पडला नव्हतास.

लिहिलं एकदाचं. तुझा पाय त्या जुन्या घराच्या जिन्याने गेला नाही. तू दोन वर्षांचा होतास. दादा गाडी चालवत होता, मी पुढे त्याच्या शेजारी, मागे डावीकडे तुझी आई आणि तिच्या मांडीवर तू. उकडत होतं. तू काचेवर थापा मारत होतास म्हणून वहिनी काच खाली घेत होती. माझं लक्ष समोर होतं. एकदम वाऱ्याचा केवढा तरी मोठा आवाज आला, मी मागे वळले तर दार सताड उघडं. ती दारं उलटी उघडतात ना, जरा फट पडली की वारा ती ओढूनच नेतो. वहिनी अर्धी बाहेर लोंबकळत होती, आणि तू नव्हतास. दादाने गाडी थांबवेपर्यंत आम्ही बरंच पुढे गेलो होतो. ती चालत्या गाडीतून उतरली की थांबल्यावर, मला आजही सांगता येणार नाही. रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडापाशी तू पडला होतास. कंबरेचं हाड मोडलं होतं. जीव वाचला, पाय आखूड राहिला.

वहिनी म्हणाली की तिचं कोपर हँडलला लागलं. कुणी विचारलं नव्हतं, तिनेच सांगितलं, दवाखान्यात, भिंतीला डोकं टेकून. माझ्याच हाताने मी माझं लेकरू रस्त्यावर टाकलं, हे एकच वाक्य ती दिवसरात्र बोलत होती. अन्न तोंडाला लावीना. बघायला येणारी माणसं कशी असतात ते तुला ठाऊक आहे. हळहळतात आणि हळूच विचारतात की नीट धरलं नव्हतं का. तेव्हा दादाने ठरवलं की हे पोराच्या कानावर कधी जाणार नाही. घर बदललं, गाव बदललं आणि सगळ्यांना जिना सांगितला. माझ्याकडून वचन घेतलं. दुसऱ्याच दिवशी त्याने त्या दाराचं हँडल, लॉक आणि पट्टी उपटून काढली, मग बाकीची हँडलं, मग बॅज, अक्षरं, सगळंच. तिच्या नजरेला गाडी गाडीसारखी दिसूच नये म्हणून. ज्या मेकॅनिकचं काळीज तुला बघायचं होतं, तो तुझा बाप. विकली का नाही, हे मी विचारलं होतं. तो म्हणाला की विकली तर तिच्यात दुसऱ्या कुणाचं मूल बसेल.

तू लहानपणी विचारायचास की मी नक्की कुठल्या पायरीवरून पडलो. एकदा जुन्या घरी गेलो असताना दादाने तुला वरून तिसरी पायरी दाखवली. तू तिच्यावर पाय आपटलास, तिला वेडी म्हणालास. वहिनी मागे उभी होती. त्यानंतर ती कधी त्या घरी आली नाही. आणि तू मोठा झालास तरी तुझे बूट तीच घालायची, आठवतं? आम्ही तुला लाडोबा म्हणून चिडवायचो.

वचन मोडलं. दादा मला माफ करणार नाही, पण चिऊ मागे बसणार असेल तर मला त्याच्या माफीची गरज नाही. पुडीत त्याच दाराचं हँडल, लॉक आणि पट्टी आहे. इतकी वर्षं सगळं माझ्याकडेच होतं. आईला दोष देऊ नकोस रे. द्यायचाच तर मला दे, माझे कान तसेही बंद आहेत.

तुझी
आत्या


ता. १२ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फेरी काल झाली. आम्ही गेलो नाही.

तुझं पत्र वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. ऑफिसात गेलो, रेघा मारल्या, घरी आलो. चिऊ विचारत राहिली की राणी कधी बसणार, आणि हिने तिला समजावलं. माझ्या मनात काय काय आलं ते लिहीत नाही. आईचा चेहरा आठवायला गेलं की तिचे हातच दिसायचे, माझ्या बुटाची नाडी बांधणारे. राग येत होता आणि कुणाचा येतोय तेच कळत नव्हतं.

काल सगळी गाडीवाली मंडळी फेरीला गेली असताना मी शेडमध्ये बसलो आणि ती पुडी उघडली. दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून सवयीने लॉक साफ करायला घेतलं. तेल वाळून घट्ट झालं होतं. ते काढल्यावर दिसलं, लॉकची जीभ एका बाजूने झिजून तिरकी झाली होती, आणि खांबावरच्या पट्टीची भोकं लांबट झाली होती. पट्टी जागची सरकत असणार. मी जिभेवर पेन्सिलीचं शिसं फासलं, भंगारातलं लॉक काढून ते मूळचं त्याच दाराला बसवलं, पट्टीही तिची तीच लावली आणि दार बंद केलं. आवाज छान आला. उघडून पाहिलं, तर शिसं फक्त टोकाला पुसलं होतं, नखाच्या जाडीएवढं. तेवढ्यावरच ते दार बंद दिसत होतं.

मग मी आतलं आणि बाहेरचं, दोन्ही हँडलं सुतळीने करकचून बांधली. इंचभरही हलणार नाहीत अशी. दार लावलं. हिला हाक मारली आणि दोघांनी गाडीच्या बाजूच्या पायऱ्यांवर उभं राहून ती हलवली, खड्ड्यात हलते तशी. आत्या, ते दार आपोआप उघडलं. हँडलं जागच्या जागी, सुतळी तशीच ताठ.

मी बाबांच्या खोलीत गेलो. मला सगळं कळलंय, असं सांगितलं. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मी म्हणालो की भांडायला आलो नाही, मला एक दाखवायचंय. ते उठेनात. शेवटी मी त्यांचा हात धरला आणि त्यांना शेडमध्ये आणलं. त्यांना सुतळी तपासायला लावली, त्यांच्याच हाताने दार लावायला सांगितलं. मग गाडी हलवली. दार उघडल्यावर त्यांनी वाकून सुतळी पाहिली. पुन्हा कर, म्हणाले. पुन्हा केलं. मग त्यांनी स्वतः सुतळीच्या गाठी घट्ट केल्या, स्वतः पायरीवर चढले आणि स्वतः गाडी हलवली. मी त्यांना धरून उभा होतो, नाहीतर पडले असते.

ते दार मी पुन्हा उघडं सोडणार नाही. नव्या जिभेचं ड्रॉइंग आजच काढलंय, ती पोलादाची करून घेणार, आणि त्याशिवाय आतून अडसर. परीक्षकांना नक्कल वाटली तर वाटो. माझ्यावर रागावली असशील तर रागाव, मागच्या पत्रात मी फार वाईट लिहिलं. लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.

तुझा
सोन्या


ता. १८ ऑक्टोबर

चि. छबूस,
अ. उ. आ.

मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. आज लिहितो.

तू वचन मोडलंस. दोन दिवस तुझं तोंडही बघायचं नाही असं ठरवलं होतं. आता तसं वाटत नाही. तू मोडलं नसतंस तर मी ते लॉक न बघताच मेलो असतो. मीच ते काढलं होतं, याच हातांनी. पण तेव्हा त्याच्याकडे बघितलंच नाही. काय झालं ते ठरूनच गेलं होतं, मग बघायचं कशाला?

मी तिला कधी दोष दिला नाही, हे तू बघितलं आहेस. माणसांसमोर नाही, एकांतातही नाही. ती रडायला लागली की मी म्हणायचो, जाऊ दे, झालं ते झालं. मला वाटायचं मी किती समजूतदार नवरा आहे. छबू, तुझी चूक नाही, असं मी तिला एकदाही म्हणालो नाही. जाऊ दे म्हणजे चूक आहे पण सोडून दिली, एवढंच ना? ती ते वर्षानुवर्षं ऐकत राहिली आणि त्याबद्दल माझे उपकारही मानत राहिली. आता हे कुणाला सांगू?

पोराने माझ्याशी धड वागणं सोडलेलं नाही. परवा त्याने विचारलं की पडल्यावर मी रडलो का. मी सांगितलं, तू रडला नाहीस, तुझी आई तुला उचलून छातीशी धरून पळत होती आणि तू तिच्या खांद्यावरून गाडीकडे बोट दाखवून भुर्र, भुर्र म्हणत होतास. तो हसला, मग उठून बाहेर गेला. बराच वेळ आला नाही.

काल दुपारी घरात कुणी नव्हतं. मी शेडमध्ये गेलो, त्या दाराला हात लावून उभा राहिलो आणि जे बोलायचं होतं ते बोललो. चिऊ शाळेतून येऊन मागे कधी उभी राहिली कळलं नाही. तिने विचारलं की आजोबा, कुणाशी बोलताय. मी म्हटलं, आजीशी. काय सांगितलं तिला, हेही तिला हवंच होतं. तुझ्या आजीचा हात लागला नव्हता, एवढं सांगितलं. तिने जरा विचार केला आणि विचारलं की मग कुणाचा लागला.

कुणाचाच नाही, म्हटलं.

थंडी पडायच्या आत एकदा ये. तुझ्या माझ्यातलं काही तुटलेलं नाही.

तुझा
दादा